गजर बंद पडला की वाजला? ‘गो ऑफ’ या इंग्रजी क्रियापदाची उकल

जळगावात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. नवी तुकडी आली की पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहिते आणि त्याचे मराठी करायला सांगते: ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.’ बहुतेक वह्यांमध्ये एकच उत्तर सापडते, ‘पाच वाजता गजर बंद पडला.’ मराठी वाक्य निर्दोष असते, काळ बरोबर असतो, वेळही बरोबर असते. फक्त अर्थ उलटा असतो. त्या वाक्याचा अर्थ ‘पाच वाजता गजर झाला’ असा आहे. ही चूक आळसातून आलेली नसते, विचार करून केलेली असते. ‘गो’ म्हणजे जाणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद हे मुलांना पक्के ठाऊक असते, आणि दोन्ही एकत्र केले की ‘बंद पडणे’ आपसूक हाती येते. शिवाय त्यांच्या बाजूने भक्कम पुरावाही असतो, कारण ‘अलार्म’च्या जागी ‘लाइट्स’ हा शब्द ठेवला तर ‘पाच वाजता लाइट गेली’ हे त्यांचे उत्तर तंतोतंत बरोबर ठरते. क्रियापद तेच, काळ तोच, तरीही गजराच्या बाबतीत ते सुरू होणे सांगते आणि दिव्याच्या बाबतीत बंद होणे. हा घोळ कशामुळे होतो आणि त्यातून वाट कशी काढायची, एवढ्याच गोष्टीचा विचार या लेखात केला आहे.

साध्या क्रियापदाच्या मागे ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘ऑन’ यांसारखा एखादा छोटा शब्द जोडून इंग्रजीत जे नवे क्रियापद तयार होते, त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव फार जुने नाही. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने 1925 मध्ये ते प्रचारात आणले आणि ते सुचवण्याचे श्रेय त्याने ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. नाव नवे असले तरी दुखणे जुने आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यांनी नोंदवून ठेवले की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत या भाषेत फार आहे आणि परक्या माणसाला सर्वांत मोठी अडचण तिचीच होते. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या मुलाला ‘गो ऑफ’ अडत असेल, तर त्याने एवढे मनाशी धरावे की ही अडचण जॉन्सनसाहेबांनी पावणेतीनशे वर्षांपूर्वीच मान्य करून ठेवली आहे.

आणि ही खोड काही एकट्या इंग्रजीची नाही. आमच्या वर्गात धुळ्याकडची, साक्रीकडची मुले असतात. घरी ती अहिराणी बोलतात. वर्ग चालू असताना वीज गेली की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘लाइट चालनी गयी!’ या तीन शब्दांचे सुटे सुटे इंग्रजी करून पाहावे. लाइट चालत नाही, तिला पाय नाहीत. ती कुठे जातही नाही. तरीही ‘चालना जाणे’ या जोडीचा अर्थ कोणत्याही खान्देशी माणसाला विचार न करता कळतो, कारण तो ती जोडी फोडून ऐकतच नाही. प्रमाण मराठीत तर एकट्या ‘लागणे’ या क्रियापदाने परक्या माणसाला रडकुंडीला आणता येईल. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, फोन लागतो, निकाल लागतो, ऊन लागते, आणि भुसावळ ओलांडून गाडी पुढे निघाली की बऱ्हाणपूर लागते. यातल्या प्रत्येक ‘लागणे’मागे चिकटण्याची, स्पर्श होण्याची एक मूळ कल्पना अंधूकशी दिसते; पण ती आपल्याला आधी अर्थ माहीत असल्यामुळे नंतर दिसते. ‘गो ऑफ’चेही असेच आहे. त्याच्या तळाशी एक कल्पना आहे, आणि ती ‘बंद’ ही नाही.

‘ऑफ’ हा शब्द आपण बहुधा पहिल्यांदा विजेच्या बटणावर वाचतो, म्हणून ‘ऑफ म्हणजे बंद’ हे समीकरण डोक्यात घट्ट बसते. शब्द मात्र विजेच्या कितीतरी आधीचा आहे. ‘चा, ची, चे’ या अर्थाने आपण जो एका एफचा ‘ऑफ’ शिकतो आणि दोन एफचा हा ‘ऑफ’, हे दोन्ही जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते आणि त्या शब्दाचा अर्थ ‘पासून दूर’ असा होता. जोर देऊन उच्चारले जाणारे रूप हळूहळू वेगळे पडले, आणि सतराव्या शतकापर्यंत दोघांचे लेखन व काम स्वतंत्र झाले. म्हणजे ‘ऑफ’चा गाभा दूर होणे, सुटून बाजूला जाणे हा आहे; ‘बंद’ हा अर्थ त्यातून पुढे फुटलेली एक फांदी आहे. ती कशी फुटली असेल हे समजायला आपल्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतांच्या गटांना (फडांना) पाळीपाळीने पाणी देण्याची रीत, डोळ्यांसमोर आणावी. बंधाऱ्यावरून निघालेले पाटाचे पाणी पाटकरी एका फडाकडून दुसऱ्या फडाकडे वळवतो. पहिल्या फडातला शेतकरी म्हणतो, माझे पाणी बंद झाले. पाणी तर कुठेतरी वाहतेच आहे, ते केवळ त्याच्या दांडापासून दूर वळले आहे. ‘दूर वळवणे’ आणि ‘बंद करणे’ या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, आणि इंग्रजीतल्या ‘टर्न ऑफ’ या जोडीत त्या दोन्ही आजही शेजारी शेजारी नांदतात: तीच जोडी गाडी मुख्य रस्ता सोडून बाजूला वळण्यासाठी चालते आणि नळ बंद करण्यासाठीही.

आता बंदुकीकडे येऊ, कारण गजराचे कोडे बंदुकीपाशी सुटते. जुन्या बंदुकीत घोडा मागे ओढून अडकवून ठेवलेला असे. चाप दाबला की अडसर हटे, घोडा सुटे, त्यात धरलेली गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे आणि बार उडे. मराठीने त्या भागाला घोडा म्हटले आणि इंग्रजीने ‘कॉक’ म्हणजे कोंबडा, ही एक गंमत वाटेवर टिपून ठेवण्यासारखी आहे. बार उडण्याला इंग्रजीत ‘द गन वेंट ऑफ’ म्हणतात, आणि हा वापर चांगलाच जुना आहे; हॅम्लेट नाटकाच्या 1604-05 मधल्या छापील आवृत्तीतही तोफा सुटण्याची रंगसूचना याच क्रियापदात दिलेली आहे. अडवून ठेवलेली ताकद अडसरापासून दूर गेली, हे ‘गो ऑफ’. घोडा पूर्ण मागे न ओढता अर्ध्यावर अडकवून बंदूक जवळ बाळगत, आणि तो तिथूनच निसटला तर नको त्या वेळी बार होई. त्यावरून पुरती तयारी नसताना घाईने बोलून किंवा करून बसणाऱ्या माणसाबद्दल ‘ही वेंट ऑफ हाफ-कॉक्ड’ असे म्हणण्याची पद्धत पडली.

चावीच्या गजराच्या घड्याळात हीच रचना लहान आकारात असते. त्यात वेळ दाखवणारी एक स्प्रिंग असते आणि गजराची दुसरी. रात्री झोपताना चावी दिली की ही दुसरी स्प्रिंग ताणली जाते, पण एक लहानसा अडसर तिला धरून ठेवतो. ठरवलेली वेळ आली की आतल्या चाकावरची खाच त्या अडसरासमोर येते, तो हटतो, आणि रात्रभर अडवलेली स्प्रिंग हातोडीला घंटेवर बडवत सुटते. घड्याळ लावणाऱ्याच्या दृष्टीने रात्रभर बंदूक भरलेली होती आणि पाच वाजता ती उडाली. म्हणून ‘द अलार्म वेंट ऑफ’. ‘अलार्म’ हा शब्दही मूळचा रणांगणावरचाच आहे. इटालियन भाषेत ‘शस्त्रे घ्या’ अशी जी आरोळी होती, तिच्यातून तो आला. आपला ‘गजर’ त्या मानाने फारच सात्त्विक म्हणायचा. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीपुढे जो नामाचा गजर होतो, तोच शब्द आपण उशाशी ठेवलेल्या घड्याळाला दिला आहे.

हे एवढे समजले की मराठीतला खरा जोडीदार सापडतो. ‘गो ऑफ’चे भाषांतर ‘जाणे’ने करू पाहिले तर पदोपदी ठेच लागते, ‘सुटणे’ मनात ठेवले तर वाट बरीच सरळ होते. मराठीत गोळी सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, आंबलेल्या वरणाला वास सुटतो, बोलता बोलता विषय सुटतो आणि रागाच्या भरात ताबा सुटतो. नवल असे की यातल्या गोळी, वास, विषय आणि राग या चारही ठिकाणी इंग्रजी माणूस ‘गो ऑफ’च्या आसपास घोटाळत असतो. प्रत्येक वाक्यात शब्दास शब्द ‘सुटणे’ ठेवावे असे मी सुचवत नाही. गजर सुटत नाही, तो होतो किंवा वाजतो. पण वाक्य वाचताना ‘येथे कोणती गोष्ट कशापासून सुटली’ असा प्रश्न मनाशी विचारला, तर उत्तर बहुतेक वेळा मिळते. गजर शांततेपासून सुटला, फटाका आपल्या वातीच्या मुदतीतून सुटला, दिवा प्रकाशापासून सुटला, दूध आपल्या ताजेपणापासून सुटले.

‘सुटणे’ उपयोगी पडण्याचे आणखी एक कारण व्याकरणातले आहे. मराठीत सुटणे आणि सोडणे, फुटणे आणि फोडणे, वाजणे आणि वाजवणे अशा जोड्या असतात. एकात गोष्ट आपली आपण घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. ‘गो ऑफ’ हे पहिल्या गटातले क्रियापद आहे. त्याला कर्म लागत नाही, आणि म्हणून त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. ‘द अलार्म वॉज गॉन ऑफ’ हे वाक्य मी शेकडो वह्यांत तांबड्या शाईने खोडले आहे. कोणी घडवले हे सांगायचे असेल तर इंग्रजी मागचा शब्द तसाच ठेवते आणि पुढचे क्रियापद बदलते. दिवाळीत पोरांनी सुतळी बॉम्ब फोडला हे सांगायचे असेल तर पोरांनी तो ‘लेट ऑफ’ किंवा ‘सेट ऑफ’ केला, आणि बॉम्ब स्वतः ‘वेंट ऑफ’ झाला. फोडणीच्या धुराने हॉटेलातली धुराची घंटा वाजली, तर धुराने ती ‘सेट ऑफ’ केली आणि घंटा ‘वेंट ऑफ’ झाली. बॉम्ब फुसका निघाला, तर ‘इट डिडन्ट गो ऑफ’. फुटणे आणि फोडणे यांतला फरक ज्या मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो, त्याला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त दाखवून द्यावा लागतो.

दिव्यांचा अर्थ आपल्याला आधीपासून येतो, पण त्याच्या कडा तपासून घेतलेल्या बऱ्या. वीज, पंखा, हीटर, पाण्याची मोटर यांसारखी चालू असलेली वस्तू थांबली तर ‘गो ऑफ’ चालते. पुन्हा सुरू झाली तर तिच्यासाठी ‘कम ऑन’ किंवा ‘कम बॅक ऑन’ वापरतात. रात्रीच्या पाळीची थ्री फेज वीज मिळवून केळीला पाणी देणाऱ्या रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात ही दोन क्रियापदे आळीपाळीने रात्रभर घडत असतात. पणती, मेणबत्ती, चूल यांच्यासाठी मात्र ‘गो आउट’ लागते. ज्योत विझते, ती ‘ऑफ’ होत नाही. विजेच्या दिव्यांसाठी ‘आउट’ आणि ‘ऑफ’ दोन्ही ऐकू येतात.

येथे प्रामाणिकपणे एक कबुलीही द्यायला हवी. ‘आहे त्या स्थितीपासून सुटणे’ हे सूत्र आधी ऐकलेले वाक्य समजून घ्यायला उत्तम आहे, पण त्याच्या भरवशावर नवे वाक्य बनवायला गेलो तर फसगत होते. गजर शांततेपासून सुटतो, तर बंद असलेला पंखा सुरू झाल्यावर तोही स्थिरतेपासून सुटला, मग ‘द फॅन वेंट ऑफ’ का म्हणू नये? म्हणत नाहीत, एवढेच उत्तर आहे. तेथे ‘वेंट ऑफ’ म्हणजे पंखा बंद झाला. फरक असा की गजर, बंदूक, भोंगा, फटाका, कॅमेऱ्याचा फ्लॅश या वस्तू एका क्षणासाठी दबा धरून बसलेल्या असतात आणि त्यांचे सगळे प्रयोजन त्या क्षणी उडण्यात असते. पंखा दबा धरून बसत नाही. धुळे-अमळनेरच्या कापडगिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा फरक कानांनी कळेल: भोंगा ‘वेंट ऑफ’ म्हणजे भोंगा झाला आणि गिरणीतले दिवे ‘वेंट ऑफ’ म्हणजे अंधार झाला.

या दोन गटांच्या बरोबर मध्ये आपला मोबाइल बसला आहे आणि प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत जास्त घोटाळा तोच करतो. ‘माय फोन वेंट ऑफ ड्युरिंग द मीटिंग’ असे इंग्रजी माणूस म्हणाला, तर बैठक चालू असताना त्याचा फोन मोठ्याने वाजला आणि त्याला ओशाळे झाले, असा अर्थ होतो. आपल्याकडचा माणूस तेच वाक्य बोलतो तेव्हा त्याला बहुधा बॅटरी संपून फोन बंद पडला असे सांगायचे असते. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात आणि दोघांनाही गैरसमज झाल्याचा पत्ता लागत नाही. परगावच्या कंपनीत मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी सांगते की फोन बंद पडला असेल तर ‘माय फोन डाइड’ म्हणा किंवा ‘द बॅटरी रॅन आउट’ म्हणा. ‘वेंट ऑफ’ त्या जागी टाळाच. त्याचप्रमाणे वाजणारा गजर हाताने बंद केला हे सांगायचे असेल, तर ‘आय टर्न्ड ऑफ द अलार्म’ असे म्हणावे. तेथे ‘ऑफ’ खरोखरच ‘बंद’ या अर्थाने आलेला आहे. थोडक्यात गजर आधी ‘गो ऑफ’ होतो आणि मग आपण त्याला ‘टर्न ऑफ’ करतो. पहिल्यांदा ऐकताना याचा वैताग येतो, हे मला मान्य आहे.

खाण्याच्या पदार्थांकडे वळले की उलट इंग्रजीचीच कीव येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी आलेले दूध तापवायला उशीर झाला तर ते दुपारपर्यंत टिकत नाही. दूध नासते, वरण आंबते, भरीत विटते, तेल खवट होते, चटणीला बुरशी येते, फळ सडते. प्रत्येकासाठी मराठी गृहिणीकडे वेगळे क्रियापद आहे आणि त्या क्रियापदातच त्या पदार्थाचे नेमके काय बिघडले हेही सांगितलेले असते. ब्रिटिश इंग्रजीत यातल्या बऱ्याचशा गोष्टींचे काम एकटे ‘गो ऑफ’ करते. दूध, साय, मांस, मासे, शिजवलेले अन्न यांच्यासाठी ते विशेष चालते. वाक्य बहुधा ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ या रूपात येते, कारण नासताना कोणी पाहिलेले नसते, नासलेले असल्याचे आता कळते. आणि बोलताना ते आणखी आखडून ‘धिस मिल्क इज ऑफ’ एवढेच उरते. अमेरिकेत मात्र ही पद्धत फारशी नाही. तेथे दूध ‘गोज बॅड’ किंवा ‘स्पॉइल्स’. तेव्हा अमेरिकी मालिका पाहून इंग्रजी शिकलेल्या मुलीला हा अर्थ कधीच भेटला नसेल, तर त्यात तिचा दोष नाही.

या अर्थालाही मर्यादा आहेत. कालची भाकरी कडक झाली म्हणून ती ‘गो ऑफ’ होत नाही. शिळेपणासाठी ‘स्टेल’ हा शब्द आहे. वास येणे, आंबणे, खाण्यास अयोग्य होणे, इथपर्यंत मजल गेली तरच ‘गो ऑफ’. केळी जास्त पिकून काळी पडली, तर आपल्याकडे तिचा माल म्हणून भाव पडतो, पण ती लगेच ‘ऑफ’ ठरत नाही. ती फक्त ‘ओव्हरराइप’ असते, आणि शिकरणाला चालते. पदार्थांवरून पुढे हा अर्थ माणसाच्या कामगिरीवर आणि दुकानांवरही गेला आहे. एके काळी उत्तम शेवभाजी देणाऱ्या ढाब्याची चव बिघडली, तर ब्रिटिश माणूस ‘द प्लेस हॅज गॉन ऑफ’ म्हणेल. मराठीत आपण म्हणतो, ‘आता तिथे पूर्वीसारखे राहिले नाही.’

ढाब्याचा बिघाड ढाब्यात असतो. बिघाड आपल्या मनात झाला असेल, तर वाक्याची घडण बदलते आणि येथे पहिल्यांदाच ‘गो ऑफ’च्या मागे एक नाम येऊन बसते. ‘आय हॅव गॉन ऑफ टी’ म्हणजे चहावरून माझे मन उडाले आहे. चहा जसा होता तसाच आहे. मी त्याच्यापासून सुटले आहे. माणसांबद्दलही हे बोलले जाते, आणि तेव्हा ते थोडे बोचते. या वाक्यात ‘टी’ऐवजी सर्वनाम वापरायचे झाले, तर तेही मागेच येते: ‘आय हॅव गॉन ऑफ इट.’ ‘पुट इट ऑफ’ किंवा ‘टर्न इट ऑफ’ या धर्तीवर ‘गॉन इट ऑफ’ असे मध्ये घालता येत नाही. हाही वापर मुख्यतः ब्रिटिशांचाच आहे.

निघून जाणे हा अर्थ सर्वांत सरळ आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. ‘शी वेंट ऑफ टू पुणे’ म्हणजे ती पुण्याला निघून गेली. साध्या ‘वेंट’पेक्षा यात येथून उठून गेल्याची छटा अधिक आहे. एखादी वस्तू बरोबर घेऊन निघून गेला तर ‘वेंट ऑफ विथ’, आणि ती वस्तू आपली असेल तर मराठीत त्याला ‘लांबवली’ म्हणतात. बाळ ‘गोज ऑफ टू स्लीप’ तेव्हा त्याचा डोळा लागतो.

समारंभाच्या बाबतीतला वापर मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल’ हे वाक्य मुलांना हमखास अडते, कारण लग्न बंद पडले, मोडले किंवा तेथे काहीतरी फुटले, यांपैकी कोणता अर्थ घ्यावा हे त्यांना उमगत नाही. अर्थ अगदी मंगल आहे: लग्न नीट पार पडले. आपल्या ‘पार पडणे’कडे जरा बघावे. पार म्हणजे पलीकडचा तीर. तापीच्या अलीकडून निघालेली नाव पलीकडे लागली की काम पार पडले. कार्य यजमानाच्या हातून सुटून पलीकडे पोहोचले, ही कल्पना दोन्ही भाषांना स्वतंत्रपणे सुचली आहे. फक्त इंग्रजीत येथे ‘वेल’, ‘स्मूदली’, ‘विदाउट अ हिच’ असा काहीतरी शब्द मागे असावाच लागतो. तो नसेल तर ऐकणारा अर्धवट वाक्य ऐकल्यासारखा वाट पाहत राहतो, किंवा मंडपात खरोखरच काही फुटले की काय, असे त्याला वाटू शकते.

विषय सुटण्याचे उदाहरण वर दिले होते. मूळ मुद्दा सोडून कोणी भलतीकडेच गेला, तर तो ‘वेंट ऑफ ॲट अ टॅन्जन्ट’. अमेरिकी लोक ‘ॲट’च्या जागी ‘ऑन’ म्हणतात. टॅन्जन्ट म्हणजे भूमितीतली स्पर्शिका, आणि ही उपमा कोणाला पुस्तकातून कळत नसेल तर ज्वारी राखणाऱ्या माणसाच्या हातातली गोफण आठवावी. दगड डोक्याभोवती गोल फिरत असतो; दोरीचे एक टोक सोडले की तो गोल फिरत राहत नाही, सुटला त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्या सरळ रेषेत निघून जातो. ती रेषा म्हणजे स्पर्शिका. गप्पांमध्ये असा दगड सोडणारे काका प्रत्येक पारावर असतातच. गोफणीचा दगड माणसाच्या अंगावर आला, तर अर्थ आणखी बदलतो: ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ म्हणजे तो माझ्यावर उखडला, एकदम बरसला. हा अर्थ अमेरिकेत जास्त ऐकू येतो आणि त्यामागची बंदूक अजून पुरती थंड झालेली नाही, हे सहज जाणवते.

उच्चाराबद्दल एक सूचना राहिली. या सर्व वाक्यांत, चहावरून मन उडण्याच्या वाक्यासारखा अपवाद वगळता, आवाजाचा जोर ‘वेंट’वर नसून ‘ऑफ’वर पडतो. आपली मुले क्रियापदावर जोर देतात आणि ‘ऑफ’ गिळून टाकतात. मग ऐकणाऱ्याला ‘द अलार्म वेंट’ एवढेच ऐकू येते आणि तो गजर कुठे गेला याचा विचार करत बसतो. क्रियापदाची रूपे ‘गो, वेंट, गॉन’ हीच राहतात, ‘ऑफ’ कधीही बदलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हा धडा संपल्यावर मी मुलांना ‘गो ऑफ’चे शक्य तितके अर्थ एकाच वाक्यात आणायला सांगितले होते. पारोळ्याकडच्या एका मुलाने आदल्या रात्रीची आपल्या खोलीवरची हकीकतच लिहून आणली: ‘द पॉवर वेंट ऑफ ॲट टू, द मिल्क हॅड गॉन ऑफ बाय सिक्स, अँड द अलार्म नेव्हर वेंट ऑफ.’ दोन वाजता लाइट गेली, सहापर्यंत दूध नासले आणि गजर झालाच नाही, कारण चार्जिंगला लावलेला मोबाइल लाइट गेल्यामुळे चार्ज न होता बंद पडला होता. वर्गाला उशिरा येण्याचे इतके व्याकरणशुद्ध कारण मला त्याआधी कोणी दिले नव्हते. फक्त तिन्ही ठिकाणी त्याने ‘ऑफ’ एकाच एफने लिहिला होता. ‘मॅडम, एवढ्यासाठी मार्क कापाल का?’ त्याने विचारले. मी म्हटले, शेक्सपिअरच्या काळात लिहिला असतास तर कोणी हटकले नसते, आता अर्धा मार्क जाईल.